ओली सफेदी

१

पौषात आमच्या गावी सकाळ एकदम होत नाही. आधी गेवराईकडून येणाऱ्या रस्त्यावरचे धुके दुधासारखे होते, मग त्यातून तुरीच्या शेतांच्या कडा उमटतात आणि कुठेतरी पाण्याच्या मोटारीचा खोकला सुरू होतो. आभाळ अजून निर्णय न घेतल्यासारखे थांबलेले असते. तेवढ्यात बड्या मशिदीच्या दोन्ही मिनारांची टोके तांबूस होतात. उजेड घाई करत नाही. तो मिनारांवरून घुमटावर येतो, आणि रात्रभर राखेच्या रंगाचा वाटलेला तो प्रचंड घुमट आधी जांभळट होतो, मग हुरड्यातल्या कोवळ्या दाण्यासारखा फिकट. त्यानंतर कठड्याखालच्या कोनाड्यांची पाळी येते. पूर्वी शबे-बरातीला त्यांत तेलाचे दिवे लावत. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो, म्हणून प्रत्येक कोनाड्याच्या डाव्या कडेला सावलीचा एक विळा राहतो. सगळे विळे सारखे, एकाच हाताने ओढल्यासारखे. शेवटी उजेड मधल्या कमानीवर उतरतो. तिथे कतबा आहे, म्हणजे मशीद बांधणाऱ्यांनी बसवलेला शिलालेख. पाटाएवढा काळा दगड, त्यावर कलमा आणि बांधणाऱ्याचे नाव. तो उजेड सर्वांत उशिरा स्वीकारतो.

मी समोरच्या गोदामाच्या गच्चीवर कॅमेऱ्यामागे उभा राहून त्या क्षणाची वाट पाहत होतो. उजेड कमानीवर उतरला, बोट आपोआप दाबले गेले, आणि मगच मला कळले की तिथे दगड नाही. कमानीच्या कपाळावर एक चौकोनी भोक होते, आणि त्यात जुन्या विटा जखमेसारख्या लाल दिसत होत्या.

गेवराईत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. समोरच्या माणसाला "हसा" म्हणणे मला जमत नाही, त्यामुळे लग्नांची कामे माझ्याकडे बेताचीच येतात. इमारतींना हसा म्हणावे लागत नाही. म्हणून मशिदीचा कारभार पाहणारे खाजामियाँ चाचा स्टुडिओत आले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. गावात हजला जाऊन आलेले ते एकटेच. बोलणे हळू, पण शब्दाला वजन.

"बेटा मुबीन," ते म्हणाले होते, "दिवसा काढ, रात्री काढ. आतून काढ, भाईरून काढ. एक बी कोपरा सोडू नको."

"कशासाठी, चाचा?"

"राहू दे आपल्याजवळ."

फोटोंसाठी म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात साऱ्या दर्शनी भिंतीला चुन्याची सफेदी करून घेतली. रमजान लांब असताना सफेदी! तो मी माझा मान समजलो. ते काम पाहत मी दिवसभर गच्चीवर बसलो होतो. ओला चुना दिसतच नाही. कुंचा फिरला की भिंत उलट काळवंडते, आणि मग वाळता वाळता, जणू सावकाश विचार करून, पांढरी होत जाते. एवढी मोठी इमारत माझ्या डोळ्यांदेखत उजळत गेली होती. तिच्याइतके सुंदर मी दुसरे काही पाहिलेले नाही, असे तेव्हा वाटले होते, आजही वाटते.

आता खाली, कमानीच्या भोकाखाली, माणसे जमू लागली होती. भिंतीला एक लांब शिडी टेकलेली होती. मुस्तकीम मिस्त्रीचा आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

"शिडी वळखा की. पाशाची हाय!"

२

पाशा माझा शाळेपासूनचा मित्र. मोटारी भरणे, वायरिंग करणे हा त्याचा धंदा, आणि दुकान मशिदीच्याच गाळ्यात. रात्रीच्या फोटोंसाठी मोठे दिवे त्यानेच लावले होते; त्यासाठीच ती शिडी आणली होती.

अंगणात हौदाच्या कडेला लोक गोल करून बसले. मुस्तकीम उभा होता. चाळिशीचा, हात चुन्याने भेगाळलेले, आवाज मोठा.

"काल दुपारी मीच दगड सैल केलता. पाचरी लावून ठेवलता, आज सकाळी उतरायचा म्हून. हे कुणाला ठावं? मला, कमिटीला अन् दिवे लावणाऱ्याला."

"मला दगड कावून पाहिजे बे?" पाशा म्हणाला. "मोटारीत बसवू का?"

कोणी हसले नाही. मुस्तकीमने माझ्याकडे बोट केले. "मुबीन, तू सांग. रात्रीच्या फोटोत दगड हाय का न्हाई?"

मी कॅमेऱ्याचा मागचा पडदा त्यांच्यासमोर धरला. रात्रीचा फोटो, इशाच्या नमाजनंतरचा: दिव्यांत न्हालेली मशीद, आणि कमानीच्या मध्यावर तो काळा चौकोन. "आहे," मी म्हणालो. मला दिसत होते तेच मी सांगितले.

"त्यानंतर वायरी गोळा करायला कोण थांबलं?"

मला उत्तर द्यावे लागले नाही. मी घरी गेल्यावर पाशा एकटाच मागे राहिला होता, हे सर्वांना ठाऊक होते. माझ्याच फोटोने माझ्या मित्राच्या भोवती भिंत उभी केली होती.

"जुम्म्याच्या नमाजपर्यंत दगड आला तर ठीक," एक म्हातारा म्हणाला, "न्हाईतर गाळा खाली कर अन् ठाण्यात चल."

पाशाचा चेहरा उतरला. त्या गाळ्यावर त्याचे घर चालते. आणि मशिदीतला दगड चोरणारा म्हणून एकदा नाव झाले की पंचक्रोशीत कोणी त्याला दारात उभे करणार नाही.

खाजामियाँ चाचा इतका वेळ हौदाच्या पाण्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "पोलीस कावून? थांबा जरा." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "बुजुर्गांना जबान दिलीय मी. आधी कतबा इज्जतीनं उतरायचा, मगच कामाला हात लागंल. कतबा न्हाई, तर काम न्हाई."

काम म्हणजे डागडुजी असणार, असे मी मनाशी म्हटले. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली लोखंडी सळया येऊन पडल्या होत्या. कुंपणाच्या भिंतीसाठी असतील.

लोक पांगले. पाशाने माझा दंड धरला.

"दोन दिवस हायेत, मुबीन. तुझ्या डब्यानं मला अडकवलंय, तूच सोडव."

३

मला चौकशी करता येत नाही. मला फक्त पाहता येते. तरी मी गेलो.

ज्यांच्या गोदामाच्या गच्चीवरून मी फोटो काढत होतो ते सुंदरराव जुने सरपंच. त्यांना जुन्या दगडांचा नाद आहे. अंगणात त्यांनी वीरगळी ओळीने उभ्या केल्या आहेत. एक फुटका नंदीही आहे, त्याच्या पाठीवर नातवंडे बसतात. माझी नजर त्या रांगेवरून फिरली, ते त्यांनी पाहिले.

"शोध, शोध," ते म्हणाले. "नंदीच्या पोटाखाली बी बघ."

"तसं नाही, काका."

"तसंच हाय, अन् बरोबर हाय. मी बी तुझ्या जागी आधी हितंच आलो असतो. दगड मला लई आवडायचा, खोटं कावून बोलू? पण पोरा, काल सांजच्याला लाईट गेली तवा तू अन् पाशा कुठं व्हता?"

"तुमच्या ओट्यावर. चहा पीत."

"दोनदा पिला पाशानं. साखर कमी म्हून नाव बी ठिवलं. लाईट आली तवा उठलात. मग मी कवा गेलो चोरायला?"

ते खरे होते. मगरिबच्या सुमाराला मी संधिप्रकाशातला फोटो काढला, त्यानंतर लगेच वीज गेली. आम्ही तिघे अंधारात बोलत बसलो. मशिदीत मेणबत्त्यांवर इशाची नमाज झाली, लोक घरी गेले, मग वीज आली आणि मी रात्रीचा फोटो घेतला. पण चोरी तर त्यानंतरची होती. त्यामुळे त्या चहाचा ना काकांना उपयोग होता, ना पाशाला.

मुस्तकीम चुन्याच्या टाकीपाशी भेटला. टाकीत निळसर पांढरे पाणी संथ पडले होते.

"माझ्यावर शक हाय व्हय?" त्याने विचारले.

"तुमच्या चुन्याला निळी झाक कशी येते, एवढंच विचारायचं होतं."

त्याचा राग जरा निवला. आपल्या कामाबद्दल विचारलेले कोणाला आवडत नाही? "नीळ घालतो. नुसता चुना उन्हात पिवळा मारतो. माझी भिंत कंदी पिवळी दिसायची न्हाई. ती पल्याडची पाटी बिननिळीची हाय, पायऱ्यांसाठी ठिवली." त्याने पाटीकडे पाहिले आणि तो थबकला. "ह्यातला चुना कुणी नेला?"

पाटी अर्धी रिकामी होती.

४

रात्रीचे जेवण झाल्यावर मी घरी संगणकावर फोटो मोठे करून पाहत बसलो. धाकटी बहीण उज्मा माझ्या खांद्यावरून डोकावली. ती बीडला शिकते, आणि मला बोलते करण्याचे काम तिने आपणहून पत्करले आहे.

"भाईजान, सगळ्या फोटोंत माणूस एक बी न्हाई. घाबरलेत व्हय तुमाला?"

"रात्री शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. हलणारी माणसं त्यात उमटत नाहीत. जे थांबतं तेच राहतं."

"म्हंजी चोर समोरून गेला असता तरी दिसला नसता." ती स्टूल ओढून बसली. "दगड दाखवा."

मी संधिप्रकाशातला फोटो लावला. काळ्या दगडावर कोरलेल्या अक्षरांच्या कडा पुसट चमकत होत्या. मग रात्रीचा. तिने पडद्याला नाक लावले.

"अक्षरं कुठायत?"

"अंधारात..."

"दिवे तर ह्याच्यात जास्त हायेत!"

मी चौकोन मोठा केला, आणखी मोठा केला. तिथे काहीच चमकत नव्हते. काळा दगड नव्हता तो. दगडाएवढा अंधार होता. पांढऱ्या भिंतीच्या झगमगाटापुढे आतल्या विटा काळ्या पडल्या होत्या; भोक आणि दगड रात्री सारखेच दिसतात. मी त्या भोकाचा फोटो काढला होता, आणि चार लोकांसमोर त्याला दगड म्हणून साक्ष दिली होती.

याचा अर्थ, मी रात्रीचा फोटो काढला तेव्हा दगड गेलेला होता. वीज नव्हती त्या वेळेत. म्हणजे पाशा माझ्याशेजारी बसून चहाला नावे ठेवत होता त्या वेळेत.

"सुटला की पाशाभाई!" उज्माने टाळी वाजवली.

"नाही. मी त्याचा मित्र आहे. दगड मिळाला नाही तर माझ्या फोटोवर कोण विश्वास ठेवील?"

ती फोटो पुढे-मागे करत राहिली. "हे काय? ह्या एकाच कोनाड्यात सावली कशाची?"

कठड्याखालच्या रांगेत, रात्रीच्या फोटोत, मधल्या कमानीच्या जवळचा एक कोनाडा काळपट होता. बाकीचे लखलखीत.

"मिनाराची असेल."

"दिवा समोर, मिनार बाजूला, अन् सावली एकट्या कोनाड्यात? भाईजान, तुमी फोटो काढता का नुसतं कौतुक करता?"

मला गेल्या आठवड्यातली दुपार आठवत होती. कुंचा फिरताच काळवंडणारी भिंत. तो कोनाडा सावलीत नव्हता. तो ओला होता. सगळी भिंत वाळून दिवस झाले असताना, त्या अंधाराच्या वेळात कोणीतरी एका कोनाड्यात ताजा चुना फासला होता.

मग मी आज सकाळचा फोटो लावला. तोच कोनाडा आता पांढरा होता, पण शेजाऱ्यांसारखा निळसर नाही, किंचित पिवळा. मुस्तकीमचा हात नव्हे. आणि प्रत्येक कोनाड्यात सावलीचा भरदार विळा असताना याच्यात फक्त केसासारखी एक रेघ होती. हा कोनाडा इतरांपेक्षा उथळ झाला होता. त्याच्या पोटात काहीतरी उभे करून ठेवले होते. पाटाएवढे.

दगड मशिदीतून बाहेर गेलाच नव्हता.

उज्मा हळू आवाजात म्हणाली, "कोनाड्यापाशी जायचं तर गच्चीचा जिना. त्याची किल्ली..."

"मला माहीत आहे."

"अन् दगड सापडल्यावर काम सुरू व्हईल. कसलं काम, ते बी माहीत हाय ना?"

मी संगणक बंद केला.

५

जुम्म्याच्या सकाळी मी खाजामियाँ चाचांकडे गेलो. ते मशिदीच्या आतल्या खांबाला टेकून बसले होते, तळहात खांबावर ठेवून, जसा आपण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो. पाशा आणि मुस्तकीम यांना मी येताना सोबत घेतले होते, दोघांच्या मध्ये मी. ते एकमेकांशी बोलत नव्हते.

मी चाचांना तीन फोटो दाखवले. भोक आणि दगड यांतला फरक सांगितला, ओल्या चुन्याचा काळेपणा सांगितला, आणि सावलीची ती बारीक रेघ. मी कोणाचे नाव घेतले नाही. शेवटी एवढेच म्हणालो, "गच्चीच्या जिन्याची किल्ली पाहिजे होती, चाचा."

त्यांनी बराच वेळ तिसरा फोटो पाहिला. "लई सुंदर काढलाय," ते म्हणाले. मग कमरेची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. "ही दुसऱ्या कुणाजवळ नसती, हे बी तुला म्हणायचं असंल."

"जी."

मुस्तकीम चमकून त्यांच्याकडे पाहू लागला.

जिना चढून आम्ही कठड्याखालच्या अरुंद सज्ज्यावर आलो. इतक्या जवळून मी मशीद कधी पाहिली नव्हती. खालून गुळगुळीत वाटणाऱ्या चुन्यात शेकडो बोटांचे ठसे होते, बांधणाऱ्यांचे, कोणाकोणाचे; सफेदीचे किती थर बसले तरी न बुजलेले. मी कोनाड्यापाशी थांबलो. मुस्तकीमने नखाने चुन्याची खपली काढली. खाली वीट नव्हती, कापड होते.

"चोर असता तर पोत्यात घालून नेला असता," मुस्तकीम पुटपुटला. "अन् हे अदबीनं माणसांच्या डोक्याच्या वर ठिवलंय. पाठ आपल्याकडं, म्हंजी कलम्याचं तोंड बी किबल्याकडं, मक्केकडं." त्याने कापडाची कड ओढली आणि हात मागे घेतला.

पांढरे कापड होते, कुठेही शिवण नसलेले. आम्ही तिघांनीही ते ओळखले. हजला जाणारा माणूस नेसतो तो एहराम. परत आल्यावर धुऊन, घडी घालून, पेटीत ठेवतो, आपल्याच कफनासाठी. गावात असे कापड एकाच पेटीत होते. दगड लपवणाऱ्याला कलमा साध्या पोत्यात गुंडाळवला नव्हता; घरातले सर्वांत पाक कापड त्याने त्याला दिले होते, आणि त्या कापडाने त्याचे नाव सांगितले होते.

खाजामियाँ चाचा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. धाप लागली होती.

"शिडी पाशाची हाय, हे ध्यानातच आलं न्हाई," ते म्हणाले. "अंधारात दिसली, चढलो. सकाळी पोराचं नाव निघालं तवा तोंड उघडायला पाहिजे व्हतं. आज नमाजनंतर सांगणारच व्हतो. पाशा, माफ कर बेटा."

पाशाने डोळे पुसले, आणि मग पाशासारखे बोलला. "चाचा, ह्या वयात एकटे शिडी चढलात? हाक तरी मारायची. म्या धरली असती."

चाचा हसले, आणि हसतानाच रडले.

"ठरावावर पहिली सही माझी हाय," ते म्हणाले. "खांब तडकलेत, इंजिनेर खोटं न्हाई बोलत. ईदला लोक रस्त्यावर उभे ऱ्हातात. सगळं बराबर हाय. पण कतबा उतरायचा म्हटलं अन् हातपाय गळाले. वाटलं, थोडे दिस. आणखी थोडे दिस तिला असंच बघावं."

मुस्तकीम मान खाली घालून पाशाला म्हणाला, "माझ्या तोंडाला काळं फास." पाशा म्हणाला, "चुना फास. आधी काळा दिसंल, मग आपोआप गोरा व्हशील."

६

नमाजनंतर खाजामियाँ चाचांनी भरल्या मशिदीत उभे राहून सांगितले: शिडी पाशाची, हात माझा. एकेक जण पुढे येऊन पाशाच्या गळ्यात पडला. तो म्हाताराही, ज्याने ठाण्याचे नाव काढले होते. मग कतबा एहरामसकट खाली उतरवला गेला आणि बायका-मुलांनाही पाहता यावा म्हणून अंगणात उंच चौरंगावर ठेवला गेला. सुंदरराव काठी टेकत आले, चप्पल काढून दगडासमोर उभे राहिले. "माझ्या अंगणापेक्षा हितंच शोभतो," एवढे म्हणून ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा गच्चीवर होतो. मला कोणी बोलावले नव्हते. धुके होते, तुरीच्या शेतांच्या कडा होत्या. मिनारांची टोके तांबूस झाली, घुमट हुरड्याच्या दाण्यासारखा उजळला, कोनाड्यांत विळे उमटले, सगळे सारखे, एकही उणा नाही. मी शटर शक्य तितका वेळ उघडे ठेवले. त्या फोटोत रस्त्याने जाणारे कोणी उमटले नाही. रस्त्याकडेला थांबलेले एक पिवळे यंत्र तेवढे उमटले, लांब हात दुमडून बसलेले. ते फोटोच्या चौकटीबाहेर राहावे म्हणून मी तिवई सरकवली, आणि मग पुन्हा जागेवर आणली.

आमच्याकडे जुन्या मशिदीसाठी 'पाडणे' म्हणत नाहीत. मशीद शहीद करायची, असे म्हणतात. मी तोही शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता. पाशाला सोडवण्यासाठी मी तो दगड शोधून दिला, आणि तसे करताना मला ठाऊक होते. रमजान नसताना केलेली सफेदी, ताडपत्रीखालच्या सळया, खांबावरचा तो तळहात, "एक बी कोपरा सोडू नको": सगळे मी पाहिले होते.

बडी मशीद पाडणार होते. मला बोलावले होते ते त्यासाठीच.